रेघेच्या एक पाऊल अलीकडे

ब्रॉक्सवेल, जॉर्जिया
४ ऑक्टोबर १९९८

नेड्रा,

परवा शुक्रवारी शाळेच्या मैदानाच्या कुंपणाशी तू उभी होतीस. डोक्याला रुमाल, आणि सूर्य मावळल्यावरही डोळ्यांवर गॉगल! मी ओळखणार नाही असं वाटलं का तुला? अगं, तू शाळेत जायच्या आधीपासून तुझ्या वेण्या मी घातल्यात. मागून नुसती मान दिसली तरी मला पुरते.

उकडलेल्या शेंगांचा पुडा शेजारणीच्या हातात कोंबून मी तुझ्याकडे यायला निघाले, तेवढ्यात कॉर्डेल पडला आणि उठला नाही. त्याला उचलून नेईपर्यंत माझे डोळे त्याच्यावरच होते. परत कुंपणाकडे पाहिलं तर तिथे कोणी नव्हतं. स्पोकेनहून, म्हणजे देशाच्या त्या टोकाहून या टोकाला आलीस, लेकाला अर्धा तास पाहिलंस आणि पळालीस.

तर आधी हे वाच. गळ्याखालचं, खांद्याजवळचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत पोरगा होता तसा होईल. आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही.

तिकडे बसून तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला इथून दिसतंय. तो दीड वर्षांचा होता. ओसरीच्या पायऱ्यांखाली उभी राहून तू दोन्ही हात पसरलेस, "ये, ये, मम्माकडे ये" म्हणालीस, आणि तो धावत सुटला आणि खाली कोसळला. हनुवटी फाटली. तेव्हापासून तू मनाशी पक्कं केलंस की तुझी नजर या पोराला बाधते. एकोणिसाव्या वर्षी माणूस काहीही मनात घेतं, ते मी समजू शकते. पण चार महिन्यांसाठी कामाला म्हणून गेलीस त्याला आता तेरा वर्षं होतील.

नेड्रा, हा खेळच पडण्याचा आहे. चेंडू पोटाशी धरून हा पळतो आणि समोरची अकरा पोरं याला पाडायलाच उभी असतात. एका संध्याकाळी वीसदा पडतो, वीसदा उठतो. परवा एकदा उठायला वेळ लागला, इतकंच.

त्याच्या आधी त्याने काय केलं ते तरी पाहिलंस का? त्या धिप्पाड पोरांच्या गर्दीत शिरला, दिसेनासा झाला, आणि सगळे अजून ढिगात त्याला शोधतायत तर हा पलीकडून एकटाच बाहेर! माझ्या अंगावर काटा आला. चर्चमध्ये सगळे एकदम गायला लागले की येतो ना, तसा. हे त्याला कुठून आलं? गेन्सांच्या घरात बस पकडायलाही कोणी पळत नाही.

तू आली होतीस हे त्याला सांगितलेलं नाही. आत्ता एक हात झोळीत घालून फ्रीज उघडून उभा आहे आणि मला विचारतोय, "मावशी, केक कुठे लपवलास?"

अर्लीन


१२ नोव्हेंबर २०००

नेड्रा,

शाळा सोडून जाणाऱ्या पोरांची शेवटची मॅच कशी असते ते तू विसरली नसशील. एकेक पोरगा आईचा हात धरून मैदानाच्या मधोमध चालत जातो, भोंग्यावर दोघांची नावं घेतात, तो आईला फूल देतो आणि अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवतं. कोच हॅस्केलनी पोरांना आईबापांची नावं लिहून द्यायला सांगितली होती. मला वाटलं होतं, हा माझं नाव देईल. नवा ड्रेस शिवला, आपला तो पिवळ्या रंगाचा. केसांच्या दुकानात दोन दिवस बायकांना दुसरं काही बोलू दिलं नाही.

आणि भोंग्यावर आवाज आला, "कॉर्डेल गेन्स, आणि त्याची आई नेड्रा गेन्स."

माझे पाय जागच्या जागी राहिले. कॉर्डेलने माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, "मावशी, चल ना. चुकून येईल असं वाटलं होतं मला." मग मी चालले. तुझ्या नावाखाली मी चालले, नेड्रा, ताठ मानेने चालले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला राग आला का? आला. घरी येऊन भांडी आपटली. पण फूल माझं नाही हे मला कळत होतं. ते वाळवून या पाकिटात घालते आहे. चुरा होऊ देऊ नकोस.

आता मॅचचं ऐक, कारण गावात चार दिवस दुसरा विषय नाही.

आम्ही एका पॉइंटने पुढे होतो. मिनिटभर उरलं होतं. चेंडू आपल्याकडे. आता पोरांनी चेंडू धरून नुसता वेळ काढायचा, घड्याळ आपोआप संपतं आणि आपण जिंकतो. पण कॉर्डेलला वाट मिळाली. मुद्दाम दिली होती ती त्यांनी, हे कोणाच्या लक्षात आलं? आपला पोरगा सुटला आणि गाव उठलं, "पळ! पळ!" सगळ्यात मोठा आवाज माझा. तो पळाला, रेघ ओलांडली, टचडाउन झालं. आम्ही एकमेकींच्या गळ्यात; त्यावरची एका पॉइंटाची किक हुकली ते कोणी पाहिलंही नाही.

आणि मग चेंडू त्यांना मिळाला. रेघ ओलांडली की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो, नाही का! घड्याळातही वेळ शिल्लक होता. त्यांनी त्या वेळात टचडाउन केलं, वर दोन पॉइंटांचा जुगार खेळले आणि एका पॉइंटने जिंकून गेले. कॉर्डेल रेघेच्या एक पाऊल अलीकडे नुसता खाली बसला असता तर चेंडू आपल्याकडेच राहिला असता आणि घड्याळ संपलं असतं.

वेन्डलचं तुला ठाऊकच आहे. नवरा माझा पोरांची बस चालवतो, पण मॅच बघायची छाती नाही म्हणून बसमध्येच रेडिओ लावून बसतो. तो बाहेर येऊन सगळ्यांवर तडकला, "पळ पळ म्हणून तुम्हीच बोंबलायचं आणि हरलं की त्याच पोराच्या नावाने बोटं मोडायची! वा रे गाव!"

काल कोच हॅस्केल आले. ओसरीवर बसून त्यांनी वाटीभर शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "पोरा, तुला पळायला मी शिकवलेलं नाही. ते कोणालाच शिकवता येत नाही. पण समोर रेघ मोकळी असताना खाली बसायचं, हे शिकावं लागतं. मी या मैदानावर म्हातारा झालो, अजून कोणाला बसताना पाहिलेलं नाही."

कॉर्डेल म्हणाला, "सर, सगळे पळ म्हणत होते."

"म्हणणारच. तेव्हाच तर बसायचं असतं."

ते गेल्यावर हा अंगणात एकटाच पळत राहिला. कुंपणाकडे पळत जायचा, एक पाऊल आधी मटकन बसायचा आणि पुन्हा उठून उभा राहायचा. शेजारचा कुत्राही चक्रावला.

अर्लीन


२० ऑक्टोबर २००२

नेड्रा,

काल अलाबामातल्या त्याच्या कॉलेजच्या मैदानावर गेले होते. आपल्या जिल्ह्यात जेवढी माणसं नाहीत तेवढी एका मैदानात मावली होती. आणि ती सगळी आपल्या कॉर्डेलचं नाव घेऊन ओरडत होती. माझ्या पुढच्या रांगेत एक गोरा म्हातारा होता, सुटाबुटातला, तो रडत होता गं! मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "बाई, असं पळताना मी कोणाला पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत का?" मी म्हटलं, "रोज. माझ्या स्वयंपाकघरात."

तुझं नाताळचं कार्ड गेल्या वर्षी आलं. 'सर्वांना शुभेच्छा.' मी तुला त्याच्या शिष्यवृत्तीचं लिहिलं होतं, माझ्या ऑपरेशनचं लिहिलं होतं. त्यावर एक अक्षर नाही. हरकत नाही. शुभेच्छांनीही टाके भरून येतात म्हणे.

काल मॅच संपल्यावर तो प्रेक्षकांकडे बघत कितीतरी वेळ उभा होता. कोणाला शोधत होता ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अर्लीन


२४ एप्रिल २००५

नेड्रा,

टीव्हीवर पाहिलंस ना? पाहिलंस असं धरून चालते.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चच्या बायकांनी तळलेल्या कॅटफिशचे ढीग आणले होते. मोठमोठे क्लब आळीपाळीने आपल्या संघात घ्यायच्या कॉलेजच्या पोरांची नावं पुकारत होते, आणि आमचा फोन काही वाजेना. वेन्डलने तो तीनदा उचलून कानाला लावून पाहिला, चालू आहे का म्हणून. शेवटी मीच त्याच्या हातावर चापटी मारली. आणि चापटी मारली तोच वाजला!

लुइव्हिलचा क्लब. फोनवर कॉर्डेल नुसतं "हो सर, हो सर" म्हणत होता आणि डोळ्यांतून धारा. मग टीव्हीवर त्याचं नाव आलं आणि घरात जो गलका झाला तो मला शब्दांत मांडता येणार नाही. आपल्या ओसरीवर हनुवटी फोडून घेतलेलं लेकरू, नेड्रा! आपण दोघी ज्या घरात एक कोट दोघींत घालायचो, त्या घरातलं.

गर्दी पांगल्यावर तो मागे वेन्डलच्या बसमध्ये जाऊन बसला होता. मी केक घेऊन गेले. म्हणाला, "मावशी, मम्माला कळलं असेल का?" मी म्हटलं, "तिला मी सगळं लिहिते." तो म्हणाला, "मग ठीक आहे." आणि उठून दोन घासांत केक संपवला.

अर्लीन


१० डिसेंबर २००७

नेड्रा,

आठवडाभर लुइव्हिलला त्याच्याकडे राहून आले. रविवारची मॅच सगळं जग बघतं. मी सोमवार पाहिला.

सकाळी धपधप आवाज आला म्हणून बाहेर आले, तर हा जिन्याच्या पायऱ्या बसून उतरत होता. लहानपणी उतरायचा तसा, एकेक पायरी, बुडावर. मला पाहून हसला. "घाबरू नकोस गं, सोमवारी मी असाच असतो. बुधवारी माणसात येतो." अंगावर एवढीशी जागा नव्हती की जिथे काळंनिळं नाही. बर्फाने भरलेल्या टबात गळ्यापर्यंत बसतो आणि तिथूनच मला विचारतो, नाश्त्याला काय करतेस म्हणून!

मी चिडले. म्हटलं, "सोड हे. माणसाचं शरीर आहे की दुकानातली पंचिंग बॅग?" तर म्हणाला, "मावशी, तुला एक सांगू? गर्दीत शिरतो ना, तेव्हा एक क्षण असा येतो की आवाज बंद होतो. सगळे हळूहळू हलतायत असं वाटतं. आणि मधे कुठेतरी एक दार उघडतं. एवढंसं. तिथून आरपार जायचं. त्या एका दारासाठी मी सात सोमवार काढीन."

मी पॅनकेक केले.

त्याच्या पुढे चालणारा एक पोरगा आहे, लिंकन नावाचा, भिंतीएवढा. त्याचं काम एकच, याच्या वाटेतल्या माणसाला छातीने उडवून लावायचं. कॉर्डेल त्याच्या पाठीवर पंजा टेकवून पळतो आणि पंजाने सांगतो, डावीकडे, उजवीकडे. लिंकन मला म्हणाला, "मावशी, मी याला पळताना कधी पाहिलेलंच नाही हो. माझं तोंड दुसऱ्याच्या छातीत असतं. मला नुसता लोकांचा आवाज वाढत गेलेला कळतो." ते सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता की जणू मेघगर्जना ऐकलीय आणि वीज बघायची राहिलीय.

तू तर तेवढंही ऐकलेलं नाहीस. या खेळात चेंडू घेऊन पळणाऱ्याचे, रनिंग बॅकचे, दिवस थोडे असतात, गाडीच्या टायरसारखे झिजतात. दिवस आहेत तोवर ये. नुसतं बघायचं आहे तुला. बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

गुरुवारी सकाळी उठले तर हा जिन्याच्या खाली उभा, पायांत बूट, आणि एका दमात वर पळत गेला. मला दाखवायला.

अर्लीन


१८ नोव्हेंबर २००८

नेड्रा,

वेन्डल गेला. रविवारी, लुइव्हिलची मॅच चालू असताना, अंगणात उभ्या केलेल्या बसमध्ये. रेडिओ चालू होता. मी हाक मारायला गेले तर मान खिडकीला टेकवून बसलेला. आत कॉर्डेलचं नाव घेऊन कोणीतरी ओरडत होतं, म्हणजे निदान चांगल्या वेळी गेला.

मला फार काही लिहिता येत नाही. शनिवारी पुरतो आहोत. फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून हे घाईने टाकते. येता आलं तर ये. माझ्यासाठी ये. कॉर्डेल आलाय, सकाळपासून ती बस धुतो आहे.

अर्लीन


३० जानेवारी २०१०

नेड्रा,

गुडघा गेला. उजवा. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. त्याच्याभोवती कोणी नव्हतं, कोणी धक्काही दिला नव्हता. वळायला गेला आणि आतली दोरी तुटावी तसं झालं म्हणे. पेपरात लिहिलंय, सत्ताविसाव्या वर्षी रनिंग बॅक म्हातारा असतो. मी तो पेपर मांजराखाली घातला.

तुझं कार्ड आलं. 'अर्लीन आणि वेन्डल यांना नाताळच्या शुभेच्छा.' हाताला सवय असते, मी असं मनाशी म्हटलं. दोन वेळा म्हटलं.

इथेच आहे तो माझ्याकडे. कुबड्या घेऊन ओसरीच्या पायऱ्यांवर सराव करतो. त्याच पायऱ्या. सुरुवातीला एक चढला तरी घाम फुटायचा. काल सगळ्या चढून वर आला, कुबड्या बाजूला टाकल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. मी टाळ्या वाजवल्या तर म्हणतो, "ऐंशी हजार माणसांपेक्षा तू जास्त आवाज करतेस."

अर्लीन


२१ डिसेंबर २०१२

नेड्रा!

तू त्याला हो म्हणालीस! त्याने लॉन्ड्रीतल्या तुझ्या मुकादमाला फोन करून तुला बोलावून घेतलं म्हणे, आणि म्हणाला, "मम्मा, ही शेवटची मॅच, नंतर मी थांबतोय." आणि तू हो म्हणालीस. मला हे सांगताना त्याचा आवाज दीड वर्षाच्या पोरासारखा झाला होता.

आपल्या दोघींच्या खुर्च्या शेजारी-शेजारी आहेत, मैदानाच्या अगदी टोकाला, रेघेच्या मागे. टचडाउन झालं की चेंडू आणून तुझ्या हातात देणार, असं ठरवलंय त्याने. जाड कोट आण. गॉगल आणू नकोस.

अर्लीन


१ जानेवारी २०१३

नेड्रा,

तू उठून गेलीस, त्यानंतर काय झालं ते तुला सांगायला हवं.

पण आधी थोडं मागे जाते. तू आलीस तेव्हा तुझे हात हातात घेतले तर केवढे खरखरीत! आणि केस पांढरे, आणि मान मात्र तीच. माझं सगळं भांडण तिथेच विरघळलं. पहिला अर्धा वेळ तू बोटांच्या फटीतून पाहत होतीस. मग एकदा तो लिंकनच्या पाठीवर पंजा टेकवून गर्दीत शिरला आणि पलीकडून बाहेर आला, आणि तू हात खाली घेतलेस. "अर्लीन, हा माझा?" असं म्हणालीस. मी म्हटलं, "मग काय माझा?" तू हसलीस. तुझं हसणं मी सत्तावीस वर्षांनी ऐकलं. तेवढ्यासाठी मी त्या थंडीत आणखी चार तास बसले असते.

मग तू विचारलंस, "वेन्डल नाही आला?"

मी म्हटलं, "त्याला मॅच बघवत नाही, ठाऊक आहे ना तुला." बरोबर होतं तसं. पण माझं लक्ष मैदानावरून उडालं. मी मनाला समजावलं की ही भांबावलेली आहे, इतक्या माणसांत काय आठवणार.

आणि मग शेवटचं ते मिनिट. लुइव्हिल एका पॉइंटने पुढे, चेंडू आपल्याकडे. घड्याळ थांबवायची समोरच्यांची सोय संपलेली. त्यांनी तेच केलं जे बारा वर्षांपूर्वी ब्रॉक्सवेलला केलं होतं. बाजूला झाले आणि वाट मोकळी सोडली. दार नाही, महादरवाजा उघडला.

कॉर्डेल सुटला. सरळ आपल्या दिशेने. आजूबाजूला हाकेच्या अंतरावर कोणी नाही. अख्खं मैदान "पळ! पळ!" म्हणून पेटलेलं. त्याची शेवटची मॅच, त्याचं शेवटचं टचडाउन, आणि रेघेच्या मागे त्याची आई, जन्मात पहिल्यांदा त्याच्यासमोर येऊन बसलेली. मला तर सगळं ठाऊक होतं ना! कोच हॅस्केलचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी मी मनात म्हणत होते, अरे टाक एक पाऊल, मॅच गेली खड्ड्यात, दे तिला तो चेंडू.

आणि तो रेघेच्या एक पाऊल अलीकडे थांबला. मान वर करून त्याने तुझ्याकडे पाहिलं. मग चेंडू पोटाशी धरून गुडघे टेकले आणि खाली बसला.

नेड्रा, मी त्याला भिंती फोडून जाताना पाहिलंय. माणसांच्या डोक्यावरून उडी मारताना पाहिलंय. पण हे! ऐंशी हजार माणसं एक गोष्ट मागतायत, स्वतःचा जीव तीच मागतोय, आणि माणूस बसतो! एवढं मोठं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मला त्याच्यापुढे लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्याचं ढुंगण मी धुतलेलं आहे.

मी तुझ्याकडे वळले तर तू पांढरीफटक. "पडला," म्हणालीस. "मी बघितलं आणि पडला. कोणी हातही लावला नाही, अर्लीन." मी ओरडत होते, "अगं बसलाय तो, बसलाय!" पण त्या गोंगाटात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. आणि तू गेलीस. खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत, वळून न पाहता. पळायचं त्याला कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. थांबायचं कुठून आलं, ते मात्र अजून ठाऊक नाही.

घड्याळ संपलं. जिंकलो. पंचाने चेंडू त्याच्या हातात दिला आणि तो धावत आला, भिंतीवर चढून आपल्या रांगेत. "मम्मा?" मी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. चिखलाने भरलेल्या कपड्यांनिशी तो त्या खुर्चीत बसला.

"पाहिलं ना तिने?"

"पाहिलं. पण तिला वाटलं तू पडलास."

त्याने बाहीने चेंडू पुसला. मग म्हणाला, "मावशी, आयुष्यभर मी पडत आलो. आज एकदाच पडलो नाही, आणि नेमकं तेवढंच तिला दिसलं?"

मी त्याच्या खांद्यावर माझा कोट टाकला. तो म्हणाला, "तिला लिही. तू सगळं लिहितेस ना तिला."

लिहिते. पण सन २०००च्या पत्रात हे सगळं लिहिलेलं आहे, नेड्रा. रेघेच्या अलीकडे का बसायचं, न बसल्याने काय झालं, सगळं. ते वाचलं असतंस तर त्या मैदानात सगळ्यात आधी तू उठून टाळ्या वाजवल्या असत्यास. आणि वेन्डलचं विचारलं नसतंस. तू माझं एकही पाकीट उघडलेलं नाहीस. का, ते मला गाडीत घरी येताना उमगलं. प्रत्येक पाकिटात तो पडल्याची बातमी असेल असं तुला वाटत राहिलं. पाकीट बंद, तोवर पोरगा उभा.

मला राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं तू एवढं भय उराशी घेऊन एकटी राहिलीस याचंच रडू आलं. तू ती फेकली नसशील, एवढं मी तुला ओळखते.

म्हणजे हेही तू उघडणार नाहीस. ठीक आहे. उद्या पोस्टात जाते.

अर्लीन


(पोस्टकार्ड)
२ जानेवारी २०१३

नेड्रा,

हे उघडावं लागत नाही.

तो पडला नाही. बसला. जिंकायला बसावं लागतं म्हणून आपल्या मनाने बसला. तू पाहत होतीस आणि त्याला काहीही झालेलं नाही.

आता पाकिटं काढ आणि पहिल्यापासून वाच. २००८चं वाचताना जवळ कोणाला तरी बसव. २०००च्या पाकिटात एक फूल आहे, ते तुझं. चेंडू माझ्या फ्रीजवर आहे, तोही तुझाच.

भिऊ नकोस. मी एकेक पत्र आठवून पाहिलं. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी तो उभा आहे.

अर्लीन